भिंतीचे पंचांग

जुन्या वाड्यात राहणाऱ्या माणसांचे पावसाशी असलेले नाते काहीसे अवघडलेले असते. मृग लागला की गाव आनंदते, आम्हीही आनंदतो. पण पहिल्या सरीचा वास छाती भरून घेत असतानाच आमचे डोळे आढ्याकडे गेलेले असतात. आमच्या आजीला पावसाची सगळी नक्षत्रे मुखोद्गत होती आणि त्यांपैकी प्रत्येकाचा तिने वाड्याच्या एकेका भागाशी संबंध जोडून ठेवला होता. मृग आणि आर्द्रा ही कौलांची परीक्षा घेणारी. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस संथपणे, दिवसचे दिवस पडत राहतो. तो भिंतीच्या पोटात शिरणारा. मघा लागल्या की माजघरातले धान्य उन्हाची तिरीप मिळेल तेव्हा बाहेर काढायचे. आणि हस्ताचा, म्हणजे हत्तीचा पाऊस वाऱ्यावर स्वार होऊन आला, तर रस्त्याकडच्या भिंतीची खैर नाही. पंचांगात नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की उंदीर हे पाहूनच ती शाकारणीला माणसे सांगत असे.

या सगळ्याला आम्ही पुढे शिकल्या-सवरल्या वयात हसलो. परंतु आज विचार करता असे दिसते, की आजीच्या त्या कोष्टकात एक पद्धत होती. कोणत्या प्रकारचा पाऊस घराच्या कोणत्या भागाला कशी इजा करतो, हे तिने पन्नास पावसाळ्यांच्या निरीक्षणातून ठरवले होते, आणि येणारा पाऊस कोणत्या प्रकारचा असेल याचा अंदाज ती पंचांगातून घेत होती. तिच्या पद्धतीचा पहिला अर्धा भाग खरा होता. दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल मतभेद होऊ शकेल. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला आहे. पंचांगाच्या जागी त्यांनी हवामानाची गणिती प्रारूपे ठेवली आहेत आणि आजीच्या अनुभवाच्या जागी पदार्थविज्ञानाची सूत्रे. ज्यांच्या घरी जुनी भिंत आहे अशा प्रत्येकाने हे थोडे समजून घ्यावे असे आम्हांस वाटते. आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवे अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या आपल्या घराण्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी अशी भिंत अजून आहे.

आमच्या भिंतीची हकीकत आधी सांगितली पाहिजे. होळकरांच्या चाकरीच्या निमित्ताने आमचे पूर्वज माळव्यात आले आणि इंदुरात राहिले. आजचा वाडा त्यांच्या नातवंडांच्या पिढीनंतरचा, सुमारे १८८० च्या आसपासचा. काळ्या पाषाणाचे जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, सांगाड्याच्या खणांतून चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, वर कडीपाट आणि कौले, मध्ये एक चौक. शहरात याहून मोठे आणि देखणे वाडे पुष्कळ होते. त्यांतले बहुतेक आता नाहीत. १९८४ च्या दंगलीत राजवाड्याचा लाकडी भाग जळाला तो ज्या पिढीने पाहिला, तिच्यात आम्ही मोडतो. जुनी वास्तू एका रात्रीत जाऊ शकते हे आम्हांला तेव्हाच कळले. मात्र ती चाळीस वर्षांत, कोणाच्या लक्षात न येता, थेंबाथेंबाने जाऊ शकते हे समजायला वेळ लागला.

२०२० च्या ऑगस्टात इंदुरात एका दिवसरात्रीत जो पाऊस कोसळला, त्यात आमच्या मागच्या सोप्याची उत्तरेकडील भिंत खचली. सुदैवाने तेथे कोणी निजत नव्हते. पुढे दोन वर्षांनी धोकादायक इमारतीची नोटीस आली. तिच्या पाठोपाठ जागा घेऊ इच्छिणाऱ्याचे बोलणेही आले. वाड्यात पाच वाटे. त्यांतले दोन वाटेकरी पुण्यास, एक हैदराबादेस आणि एक परदेशी. वाडा ठेवायचा की सोडायचा, हा प्रश्न आता टाळण्यासारखा राहिला नव्हता. परदेशच्या बंधूंनी फोनवर विचारलेला प्रश्न अगदी व्यवहाराचा होता : “आज पैसा घातला, तर पुढची तीस वर्षं तो पुरेल का? की दर पावसाळ्याला असंच होणार?” या प्रश्नाला भावनेने उत्तर देता येत नव्हते.

उत्तराचा रस्ता आमच्या पुतणीने दाखवला. ती वास्तुसंवर्धन शिकली आहे. पडलेल्या भिंतीच्या विटा हातात घेऊन तिने पाहिल्या आणि म्हणाली, “काका, ही भिंत त्या एका पावसानं पडलेली नाही. हिला कित्येक वर्षांत वाळताच आलेलं नाही.” विटांची धार हाताला लागून पिठासारखी सुटत होती आणि आतल्या बाजूला पांढऱ्या सुयांसारखा लोणा होता. १९७८ साली, शहरभर तेव्हा जी रीत पडली होती तिला अनुसरून, त्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला गेला होता. चुन्याचा गिलावा पाणी शोषतो आणि ऊन पडताच सोडून देतो. सिमेंटचा थर पाणी सहजी आत घेत नाही, पण त्याला बारीक तडे जातात. त्या तड्यांतून आणि जोत्याखालून वर चढलेले पाणी मग त्या कठीण कवचामागे कोंडले जाते. भिंत बाहेरून कोरडी ठणठणीत दिसते आणि आतून मुरत राहते.

लोणा आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचा आहे, परंतु तो भिंत कशी खातो याचा खुलासा आम्ही तिच्याकडूनच प्रथम ऐकला. जमिनीतून, जुन्या गोठ्याच्या मातीतून, कधी सिमेंटातूनही क्षार पाण्यात विरघळून भिंतीत येतात. हवा पुरेशी दमट असेल तोवर ते विरघळलेल्या स्थितीत निरुपद्रवी असतात. हवा कोरडी झाली की त्यांचे स्फटिक होतात, आणि विटेच्या सूक्ष्म छिद्रांत स्फटिक वाढू लागला की तो छिद्राच्या भिंतींवर दाब टाकतो. साध्या मिठाचा उंबरठा सापेक्ष आर्द्रतेच्या सुमारे ७५ टक्क्यांवर आहे. इतर क्षारांचे उंबरठे निरनिराळे. म्हणजे हवा सतत ९० टक्के दमट असली तरी मीठ भिंतीला फारसे छळणार नाही, सतत ४० टक्के असली तरीही नाही; छळ होतो तो हवा या उंबरठ्याच्या आतबाहेर करीत राहिली तर. प्रत्येक ये-जा म्हणजे स्फटिकाचा एक जन्म आणि एक विलय, आणि विटेवर एक घाव. माळव्यात आषाढ-श्रावणात झड आणि उघडीप आळीपाळीने चालते, भाद्रपद-आश्विनात दुपारी ऊन आणि रात्री दहिवर. लोणा याच दिवसांत का फुलतो हे कोडे आम्हांला साठीनंतर उलगडले.

आता हवामानाच्या प्रारूपांचा संबंध येथे येतो. वीट पडण्याचे कारण जर ‘वर्षात किती वेळा आर्द्रतेने उंबरठा ओलांडला’ या स्वरूपात मांडता येत असेल, तर ती मोजणी भूतकाळाचीही करता येईल आणि भविष्याचीही. युरोपात २००४ ते २००७ या काळात ‘नोआज् आर्क’ नावाचा एक मोठा प्रकल्प झाला. इटलीतील बोलोन्याच्या वातावरणविज्ञान संस्थेच्या क्रिस्तिना साब्बिओनी त्याच्या प्रमुख होत्या. नाव नोहाच्या तारवाचे. आपल्याकडे कोणी असे काम काढले, तर त्याला मनूच्या नौकेचे नाव द्यायला हरकत नाही. ब्रिटनच्या हॅडली केंद्राची प्रारूपे त्यांनी घेतली आणि १९६१–१९९० हा काळ पाया धरून २०१०–२०३९ व २०७०–२०९९ या दोन काळांत युरोपभर काय बदलेल याचे नकाशे काढले. २०१० मध्ये त्यांचा अ‍ॅटलास ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पीटर ब्रिम्बलकोम्ब हे संशोधक त्यात होते. वारसा-वास्तूंच्या दृष्टीने हवामानाकडे पाहणारी एक स्वतंत्र शाखाच त्यांनी रूढ केली.

त्या नकाशांची खुबी अशी, की हवामानखाते सांगते त्या गोष्टी त्यांत नाहीत. सरासरी तापमान, सरासरी पाऊस यांचा दगडाला फारसा उपयोग नाही. दगडाला विचारावे लागते ते निराळेच. वर्षात किती वेळा पाणी गोठले आणि वितळले? किती वेळा क्षारांचा उंबरठा ओलांडला गेला? पाऊस पडला तेव्हा वारा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने होता, म्हणजेच भिंतीवर आडवा पाऊस किती आपटला? शास्त्रज्ञांनी प्रारूपातून रोजचे आकडे काढून घेतले आणि त्यांतून ही ‘दगडाची भाषा’ रचली. उत्तरे सरळ एका दिशेची नव्हती. समशीतोष्ण युरोपच्या बऱ्याच भागांत गोठण्या-वितळण्याची चक्रे पुढे कमी होतील, म्हणजे त्या बाबतीत वास्तूंना दिलासाच मिळेल. उलट उन्हाळे कोरडे होत जातील तसतशी क्षारांची चक्रे वाढतील. हवा बदलली म्हणजे सर्वत्र नुकसानच, असे सरसकट विधान त्या ग्रंथात नाही, आणि त्यामुळेच त्याच्यावर आमचा विश्वास बसला. पुढे २००९ ते २०१४ या काळात दुसऱ्या एका युरोपीय प्रकल्पाने एक पाऊल आणखी टाकले : बाहेरच्या हवामानाच्या प्रारूपाला इमारतीच्या प्रारूपाची जोड दिली आणि जुन्या प्रासादांच्या, चर्चच्या दालनांत आत काय घडेल, भित्तिचित्रांचे आणि लाकडाचे काय होईल, हे मोजण्याचा यत्न केला.

एक छोटा हिशेब आम्हांला फार बोलका वाटला. स्वच्छ पावसाचे पाणीसुद्धा चुनखडीचा दगड किंवा संगमरवर अतिशय मंद गतीने विरघळवते. त्याचे एक मान्य सूत्र आहे. त्यानुसार एक मीटर पावसामागे पृष्ठभाग सुमारे १९ मायक्रॉन झिजतो. माळव्याचा वार्षिक पाऊस मीटरभराच्या आतबाहेर. म्हणजे शंभर वर्षांत जेमतेम दोन मिलिमीटर. आमचे जोते तर काळ्या पाषाणाचे, त्याला हे सूत्र लागूही पडत नाही. अर्थ असा, की आपल्या घरांना पाऊस धुऊन नेत नाही. तो आत शिरून मारतो. शिरलेले पाणी बाहेर कसे पडते, यावर सर्व अवलंबून आहे.

येथवर आल्यावर आम्ही पुतणीला विचारले, की हे सर्व युरोपाचे झाले, माळव्याचे काय? आपल्याकडे बर्फ गोठण्याचा प्रश्नच नाही. आपले शत्रू वेगळे : आडवा पाऊस, लोणा, वाळवी, बुरशी, वैशाखाचे ऊन. आमच्या वाड्यांच्या जातीचे तंतोतंत नकाशे तिला कोठे मिळाले नाहीत. परंतु पावसाविषयी भक्कम माहिती आहे आणि तीही पुण्याहूनच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सिद्ध झाला. त्यात म्हटले आहे, की १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले; १९५१ ते २०१५ या काळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस एकूणात सुमारे ६ टक्क्यांनी घटला; आणि त्याच सुमारास मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग मात्र सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि ते बाष्प बरसते तेव्हा एकदम बरसते. प्रारूपांचा पुढच्या काळासाठीचा रोखही असाच आहे : थोड्या वेळात अधिक पाऊस.

हे आकडे वाचताना आजीचा तरणा आणि म्हातारा पाऊस डोळ्यांपुढे आला. वाड्याच्या पन्हळी, वळचणी, चौकातील मोरी हे सर्व त्या संथ पावसाच्या मापाने केलेले आहे. पागोळ्या जोत्यापासून हातभर दूर पडाव्यात अशी वळचण आमच्या पूर्वजांनी काढली होती. परंतु अर्ध्या दिवसात सहा-सात इंच पाऊस आला की पन्हळ भरून वाहते, पाणी भिंतीच्या माथ्यावर चढते आणि तुळईच्या टोकापाशी आत उतरते. तुळईचे टोक भिंतीत जेथे रुतलेले असते, तेथेच लाकूड कुजते, तेथेच वाळवी लागते. २०२० मध्ये आमच्या सोप्याचे तेच झाले. भिंत लोण्याने पोखरली होती, तुळईचे टोक कुजले होते, आणि त्या रात्रीने फक्त निकाल जाहीर केला.

परंतु सर्व दोष आभाळाच्या माथी मारणे आम्हांस पटत नाही. गेल्या वर्षी फोंड्याला व्याह्यांकडे गेलो असता जुन्या गोव्याचे बॉम जेझू पाहिले. १५९४ मध्ये आरंभ झालेली आणि १६०५ मध्ये पवित्र झालेली ही इमारत मुख्यतः जांभ्या दगडाची आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर कठीण होतो, पण तो सच्छिद्रच. गोव्याच्या सुमारे ३००० मिलिमीटर पावसात तो उघडा ठेवायचा नसतो, हे कोकणातील कोणताही गवंडी सांगेल. त्या इमारतीवरही साडेतीनशे वर्षे चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीत बाल्तझार कास्त्रू या वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो काढून टाकण्यात आला आणि आजचे ते तांबूस, उघडे रूप लोकांच्या डोळ्यांत भरले. दगड झिजू लागला. २०२० पासून गिलावा पुन्हा चढवावा की नाही यावर जाहीर वाद झाला. अनेकांना ते उघडे रूपच खरे वाटते, कारण त्यांनी तेच पाहिले आहे. व्याह्यांचे स्वतःचे घरही जांभ्याचे, दोनशे वर्षांचे. त्यांनी सहजपणे म्हटले, “आमचो पावस तोच. तांचो चुनो गेलो, आमचो उरला.” याहून सोपे स्पष्टीकरण कोणत्याही ग्रंथात नाही.

तेथून जवळच संत ऑगस्टिनच्या मठाचे अवशेष आहेत. १८३५ मध्ये धर्मसंघांना बाहेर काढल्यावर ती वास्तू ओसाड पडली. १८४२ मध्ये तिचे छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. उरलेला मनोरा आजही ४६ मीटर उंच उभा आहे. माणसे गेल्यापासून छत कोसळेपर्यंत सात पावसाळे लागले. त्या सात वर्षांत हवामान काही बदलले नव्हते. कौल सरकले तर ते जागेवर बसवणारा हात तेवढा उरला नव्हता.

हवामानाची प्रारूपे नेमकी येथे थांबतात, आणि त्यांची मर्यादा आपण ओळखली पाहिजे. जगभराच्या जुन्या प्रारूपांत एकेका चौकटीचे घर सुमारे ३०० किलोमीटरचे होते. प्रादेशिक प्रारूपांत ते ५० किलोमीटरवर आले आणि आता आणखी लहान होत आहे. ५० किलोमीटरच्या घरात इंदूर आणि महू एकत्र बसतात. आमच्या भिंतीची जाडी दोन हात. चौकटीला आमची गल्ली ठाऊक नाही, समोर उभ्या राहिलेल्या पाच मजली इमारतीने आमचे कार्तिकातले ऊन अडवले हे तिला ठाऊक नाही, आणि १९७८ चा गिलावा तर नाहीच नाही. शिवाय तापमानाविषयी निरनिराळी प्रारूपे बरीचशी एकमताने बोलतात, पावसाविषयी तितकी नाहीत. म्हणून शहाणे संशोधक एका प्रारूपावर विसंबत नाहीत. अनेकांचे म्हणणे ऐकून त्यातला समान अंश घेतात. ‘अमुक सालच्या अमुक पावसात तुमची भिंत पडेल’ असे प्रारूप सांगत नाही. भिंतीवर येणारे ओझे कोणत्या बाजूने आणि किती वाढत जाणार, एवढे ते सांगू शकते. ते ओझे पेलण्याची ताकद भिंतीत किती आहे, हे घरातच बसून पाहावे लागते.

ते पाहण्याचे साधन आमच्याच माळ्यावर निघाले. वाड्याच्या खर्चाच्या १८९१ ते १९४८ पर्यंतच्या वह्या, सगळ्या मोडीत. आमच्या आत्यांना मोडी वाचता येते. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी चष्म्यावर भिंग धरून त्यांनी दोन महिने त्या वाचल्या आणि पुतणीने उतरवून घेतल्या. ज्येष्ठात शाकारणी : कौले किती, मजूर किती. दसऱ्यापूर्वी सफेती. दर तीन-चार वर्षांनी कुठे ना कुठे चुन्याची डागडुजी : चुना, सुरखी, गूळ, बेलफळे, घाणीच्या बैलांचे भाडे. एका वर्षी लग्न, तरी शाकारणी चुकलेली नाही. प्लेगच्या वर्षी घर गावाबाहेर राहायला गेले, तरी कौले चाळायला माणूस पाठवल्याची नोंद आहे. १९४८ नंतर वह्या नाहीत, आणि आत्यांच्या आठवणीप्रमाणे दरवर्षीची शाकारणीही त्यानंतर काही वर्षांतच सुटली. संस्थान गेले, नोकऱ्या बदलल्या, मुले परगावी गेली. यात कोणाचा अपराध शोधावा असे नाही. परंतु एवढे स्पष्ट झाले, की वाड्याने जी सव्वाशे-दीडशे वर्षे काढली, ती दगड-चुन्याच्या अंगच्या बळावर काढलेली नाहीत. पावसाने दरवर्षी जे नेले, ते दरवर्षी कोणीतरी परत भरत होते.

परदेशच्या बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येत होते, आणि ते त्यांना आवडेल असे नव्हते. एकदा पैसा घालून तीस वर्षे निश्चिंत होता येणार नाही. पूर्वी तीन वर्षांनी होणारी डागडुजी पुढच्या पावसांत दोन वर्षांनी करावी लागेल. पन्हळी दीडपट रुंद कराव्या लागतील. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच दिवशी कोणीतरी माळ्यावर चढून तुळयांची टोके पाहिली पाहिजेत. प्रश्न पैशाचा थोडा आणि माणसाचा अधिक आहे. पाच वाट्यांपैकी वाड्यात राहणारे आम्ही दोघे, दोघेही सत्तरीच्या उंबरठ्यावर. माळ्यावर चढणार कोण?

२०२३ च्या दिवाळीला सर्व वाटेकरी एकत्र बसले. बोलणे कधी कडू झाले, कधी रडू आले. पुण्याच्या वहिनींनी विचारले, “अण्णासाहेब, तुमच्यानंतर कोण बघणार आहे हे, सांगा ना!” आम्हांला सांगता आले नाही. शेवटी ठरले ते असे : पडलेला मागचा सोपा पुन्हा उभारायचा नाही, त्याची जागा मोकळी ठेवायची, म्हणजे उत्तरेकडून भिंतीला वारा लागेल. दर्शनी भाग आणि चौक राखायचा. सिमेंट खरवडून चुना चढवायचा. पाच वर्षे सर्वांनी ठरावीक रक्कम घालायची आणि २०२८ च्या दिवाळीला वही पाहून पुन्हा निर्णय करायचा. हैदराबादच्या बंधूंनी संमती दिली नाही. त्यांनी विरोधही केला नाही. त्यांचा वाटा विकण्याचा हक्क अबाधित आहे हे आम्ही लिहून दिले.

चुन्याचे काम २०२४ च्या उन्हाळ्यात झाले. घाणी आता कोठली. पण चुना महिनाभर हौदात भिजवून मुरवणारा एक वृद्ध गवंडी महेश्वरच्या बाजूने मिळाला. पहिल्याच पावसाळ्यानंतर नव्या गिलाव्यावर, जमिनीपासून दोन हातांवर, लोण्याची पांढरी रेघ उमटली. आमचा जीव थोडा झाला. पुतणी मात्र खूश झाली. तिचे म्हणणे असे, की आतापर्यंत विटांत कोंडलेले क्षार आता चुन्यात येऊन फुलत आहेत. चुना पोपडे होऊन पडेल, तो झाडून टाकायचा आणि पुन्हा लावायचा. गिलाव्याने झिजायचे असते, विटेने नाही. व्याह्यांचे म्हणणे तरी निराळे काय होते?

चौकात आणि माजघरात आता दोन छोटी यंत्रे टांगली आहेत. ती तापमान आणि आर्द्रता दाखवतात. सकाळी सात आणि दुपारी तीन वाजता आम्ही आकडे वहीत लिहितो, शेजारी त्या दिवसाचा पाऊस, आणि पंचहत्तरचा उंबरठा ओलांडला गेला असेल त्या दिवशी एक फुली. ज्यांच्या घरी अशी भिंत असेल, त्यांनी एवढे तरी करावे असे आम्ही आग्रहाने सुचवतो. यंत्राला फारसा खर्च नाही. दहा वर्षांच्या अशा नोंदी दहा घरांतून निघाल्या, तर ज्यांना माळव्याच्या किंवा बडोद्याच्या वाड्यांसाठी नकाशे काढायचे असतील, त्यांच्या चौकटीत आपली गल्लीही उतरेल.

आमची वही देवनागरीत आहे; मात्र आत्यांच्या आग्रहावरून पहिले पान मोडीत लिहिले, त्यांनीच. त्यावर साल आहे, आणि खाली जुन्या वह्यांतला नेहमीचा मजकूर : शाकारणी झाली, कौले बदलली, मजुरी दिली. २०२८ ला ही वही कोणाच्या हाती जाईल हे आज आम्ही सांगू शकत नाही. यंदाच्या ज्येष्ठात माळ्यावर पुतणी चढली. तुळयांची टोके कोरडी होती.